खेळ आणि पडदा यांच्या मधोमध

‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ २००३च्या अखेरीस संगणकावर आला. त्या काळात ठाणे-डोंबिवलीतल्या कितीतरी घरांत लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेले पीसी होते, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड ही चैन होती. मदरबोर्डवरच्या इंटेल चिपला पिक्सेल शेडर, म्हणजे एकेका ठिपक्याचा रंग ठरवणारे छोटे प्रोग्राम, झेपत नसत, त्यामुळे असे खेळ सुरूच होत नसत. पुढे मित्रामित्रांत एक उपाय फिरू लागला: ‘स्विफ्टशेडर’ची डी३डी९.डीएलएल ही फाइल खेळाच्या फोल्डरमध्ये टाकायची. एवढ्यावर राजपुत्र भिंतीवरून धावू लागे! रखडत धावे, पण धावे.

यामागचे तंत्र आजही मला थक्क करते. खेळ स्वतः काहीच रंगवत नाही, तो फक्त मागण्या करतो: हे टेक्स्चर लाव, कॅमेरा इथे धर, हे त्रिकोण काढ. या मागण्या विंडोजची डायरेक्ट३डी ही लायब्ररी ऐकते. तिची फाइल, म्हणजे तीच डी३डी९.डीएलएल, विंडोज आधी खेळाच्याच फोल्डरमध्ये शोधते, सिस्टिमच्या फोल्डरमध्ये नंतर. म्हणून तिथे त्याच नावाची दुसरी फाइल ठेवली की खेळ तिच्याशीच बोलू लागतो. त्याच्या हाती ११९ फंक्शनांच्या पत्त्यांची यादी येते, आणि ते पत्ते कोणाचे हे तो सहसा तपासत नाही. स्विफ्टशेडर या यादीआडून कार्डाचे सगळे काम प्रोसेसरकडून करून घेई. (कार्ड नसलेल्या संगणकांवर त्रिमितीय चित्रे दाखवायला क्रोम ब्राउझरनेही २०१२मध्ये तेच वापरायला घेतले.)

खेळ आणि कार्ड यांच्या मधल्या या जागी उभे राहिले की मूळ कोड हाती नसतानाही खेळाचे जग बदलता येते. जुना खेळ रुंद मॉनिटरवर ताणला जाऊन माणसे जाडी दिसतात ना? कॅमेऱ्याचे मॅट्रिक्स (दृश्य पडद्यावर कसे बसवायचे ते सांगणारा आकड्यांचा तक्ता) खेळाकडून निघाले की वाटेत अडवायचे, त्यातल्या आडव्या मापाला ०.७५ने गुणायचे आणि पुढे पाठवायचे. चार तृतीयांश भागिले सोळा नवमांश म्हणजे तेवढेच. माणसे पुन्हा सडपातळ होतात, आणि डावी-उजवीकडे आजवर न दिसलेले जग उघडते.

पण तिथे इमारती अर्धवट गायब असतात. खेळाच्या हिशेबी पडदा अजून जुनाच, अरुंद आहे. त्या पडद्याबाहेरचे काढायची मागणीच तो करत नाही, आणि न आलेली मागणी वाटेत अडवणार कशी? आता खेळाच्या आतच शिरावे लागते. घिड्रासारखे मोफत साधन यंत्रभाषा उलगडून दाखवते. (भारतात कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ रीतसर मिळवलेल्या प्रोग्रामचा असा अभ्यास करण्याला वाव देते.) अनेक जुन्या खेळांत ४:३ हे प्रमाण १.३३३३ म्हणून चार बाइटांत लिहिलेले सापडते, षोडशमान पद्धतीत असे: एबी, एए, एए, ३एफ. त्यांच्या जागी ३९, ८ई, ई३, ३एफ लिहिले की १.७७७८, म्हणजेच १६:९. मात्र हेच चार बाइट प्रोग्राममध्ये इतरत्रही असू शकतात, एखाद्या वेगळ्याच गणितासाठी. तिथे हात लागला तर भलतेच काही बिघडते. म्हणून डीबगरमध्ये प्रत्येक जागेवर पहारा बसवायचा, खेळ चालवायचा, आणि कॅमेरा वळताना त्यांतली नेमकी कोणती जागा वाचली जाते ते पाहायचे.