सासूबाईंच्या तबकड्या

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून सासूबाईंची पेटी उतरवली. आत तीसेक तबकड्या आणि बंद पडलेला जुना रेकॉर्ड प्लेअर. पुण्याहून आलेला मुलगा म्हणाला, ‘‘आई, हा भंगारात दे. आजीसाठी नवा मागवतो, ब्रीफकेससारखा मिळतो.’’ सासूबाई पदरानं धूळ पुसत एवढंच बोलल्या, ‘‘नवा आण बाप्पा, पण माह्या तबकड्या खराब नको करू.’’

मैत्रिणींनो, या एका वाक्यानं मला कामाला लावलं!

निम्म्या तबकड्या लाखेच्या निघाल्या. जड, आणि हातातून सुटली की बशीसारखे तुकडे. (लाखेचा किडा आपल्या पळसावरही वाढतो बरं का!) या मिनिटाला ७८ फेरे घेतात, खाच रुंद. बाकीच्या एलपी व्हिनाइलच्या, ३३ फेऱ्यांच्या, खाच बारीक. म्हणजे दोघींची सुई वेगळी. नव्या प्लेअरला बहुधा बारीकच सुई असते, कित्येकांत ७८चा वेगच नसतो. बारीक सुई लाखेच्या तबकडीवर ठेवली की ती खाचेच्या तळाशी लोळते. गाणं कमी, खरखर जास्त.

स्वस्त ब्रीफकेसवाल्यांत आणखी एक गोम असते, सुईचा भार. चांगल्या प्लेअरमध्ये तो साधारण २ ग्रॅम, मागचं वजन फिरवून कमी-जास्त करता येतो. स्वस्तात तो दुप्पट-तिप्पट, वर बदलायची सोय नाही.

मग जुनाच बरा? तसंही नाही हं. झिजलेली सुई खाच खरवडतेच. रबरी पट्टा सैल झाला की गाणारी बाई मध्येच पेंगते. जुना विकत घ्यायचा तर घरची एलपी सोबत न्या आणि तिचं शेवटचं गाणं लावून पाहा, दोष तिथं आधी कळतो. त्याची सुई अजून मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि लाखेची तबकडी स्पिरिटनं कधी पुसू नका, लाख विरघळते.

वर्ध्यात रेडिओ दुरुस्त करणारे एक काका भेटले. ‘‘मोटर चांगली आहे ताई, पट्टा अन् सुई लागेल.’’ दोन्ही मिळायला महिना गेला. सुई दोन तोंडांची, कान फिरवला की एकीकडे ७८, दुसरीकडे एलपी. नव्याचे पैसे मुलाचे वाचले.

पहिली तबकडी सासूबाईंनीच लावली. दर फेऱ्याला टक्, टक्. मी घाबरून हात पुढे केला.

‘‘राहू दे वं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुह्या सासऱ्याच्या हातून पडली होती, तवापासून वाजते.’’