तापमापकात पाराच का?

‘आज पारा बेचाळीसवर गेला’ असे आपण सहज म्हणतो. तापमान म्हणजे पारा, इतके हे दोन शब्द एकरूप झाले आहेत. परंतु काचेच्या नळीत पाणी, तेल अथवा दुसरा एखादा द्रव न भरता पाराच का भरला गेला, याचा विचार क्वचितच होतो. निफाड भागातील द्राक्षबागायतदार थंडीच्या रात्री ज्या आकड्याकडे पाहून बागेत धूर करतो, अथवा पशुपालक आजारी गाईचा ताप पाहतो, तो आकडा विश्वसनीय असावा लागतो. म्हणून हे कारण प्रत्येक शेतकरी बंधूने व गावपातळीवरील कार्यकर्त्याने समजून घेणे हितावह आहे.

उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतो व थंडीने आकुंचन पावतो, हे तापमापकाचे मूलतत्त्व होय. आता पाणी भरले तर काय होईल ते पाहू. पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते. शिवाय ० पासून ४ अंशांपर्यंत तापविले असता ते वाढण्याऐवजी आकसते. त्यामुळे २ अंशांना व ६ अंशांना त्याचे आकारमान जवळजवळ सारखेच भरते. कडाक्याच्या थंडीत नेमके जे अंतर जाणून घ्यावयाचे, तेच अशा तापमापकात दिसणार नाही.

पाऱ्याचे गुण

पारा हा धातू असूनही उणे ३९ अंशांपासून सुमारे ३५७ अंशांपर्यंत द्रवरूपच राहतो. आपल्याकडील शेत, गोठा व कोठार यांतील सर्व तापमाने या मर्यादेत सहज सामावतात. दुसरे असे की, त्याचे प्रसरण जवळजवळ एकसारखे होते. म्हणून नळीवर समान अंतराच्या खुणा करता येतात. हे प्रसरण मात्र अल्प असते. एक लिटर पारा १ अंशाने तापला तर तो केवळ ०.१८ मिलिलिटर वाढतो. याकरिताच फुगा मोठा व नळी केसासारखी बारीक ठेवितात, म्हणजे अल्प वाढही डोळ्यांस दिसते.

पारा काचेला चिकटत नाही. त्यामुळे उतरताना नळीत मागे थेंब राहत नाहीत. तो उष्णतेचा चांगला वाहक आहे, आणि तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यास लागते त्याच्या निम्म्याहूनही कमी उष्णतेत तो तापतो. म्हणून तो भोवतालचे तापमान लवकर दाखवितो. तो चकाकणारा व अपारदर्शक असल्याने वाचण्यासही सोपा. फॅरनहाइट याने १७१४ साली पाऱ्याचा विश्वसनीय तापमापक तयार केला, त्यामागे हेच गुण होते.

अल्कोहोल कोठे?

हवामान केंद्रातील पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत कमाल तापमापक पाऱ्याचा, तर किमान तापमापक अल्कोहोलचा असे. कमाल तापमापकाच्या नळीत फुग्याजवळ एक आकुंचित जागा असते. पारा वर चढताना तीतून जातो, परंतु आपोआप मागे येत नाही. म्हणून दिवसाचे सर्वाधिक तापमान टिकून राहते. किमान तापमापकातील पारदर्शक अल्कोहोलमध्ये एक लहान दर्शक बुडालेला असतो. अल्कोहोल आकसताना त्याचा पृष्ठभाग दर्शकाला फुग्याकडे ओढतो; पुन्हा प्रसरण पावताना ते दर्शकावरून पुढे निघून जाते व दर्शक तेथेच राहतो. त्याचे फुग्यापासून दूरचे टोक म्हणजे रात्रीचे किमान तापमान होय.

वाचन करताना डोळा द्रवाच्या पातळीसमोर सरळ रेषेत ठेवावा. वरून अथवा खालून पाहिल्यास आकडा चुकतो.

पाऱ्याचा दोष

इतके गुण असूनही पारा विषारी आहे. सांडलेल्या पाऱ्याची वाफ डोळ्यांस दिसत नाही व तिला वासही नसतो. परंतु बंद खोलीत ती श्वासावाटे शरीरात जाते आणि मज्जासंस्था व मूत्रपिंडे यांस अपाय करते. पाण्यात गेलेल्या पाऱ्यापासून सूक्ष्म जीवांच्या क्रियेने मिथिल पारा बनतो व तो माशांत साठतो. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याने समुद्रात सोडलेल्या अशाच विषाने झालेला रोग १९५६ साली उघडकीस आला. त्याच गावाच्या नावाने २०१३ साली आंतरराष्ट्रीय करार झाला व भारताने २०१८ साली त्यास मान्यता दिली. यामुळे पाऱ्याचे तापमापक मागे पडून इलेक्ट्रॉनिक तापमापक प्रचारात आले आहेत.

तरीही अनेक घरांत व गोठ्यांत जुने तापमापक आहेत. असा तापमापक फुटल्यास पुढील काळजी घ्यावी :

१. मुले व जनावरे यांस तेथून दूर न्यावे आणि दारे-खिडक्या उघडाव्यात.
२. केरसुणी वापरू नये. तिने थेंब अधिक विखुरतात.
३. अंगावरील सोन्याचे दागिने काढून ठेवावेत. पारा सोन्यात मिसळतो.
४. हातांस पिशवी गुंडाळून, दोन जाड कागदांच्या साहाय्याने थेंब एकत्र करावेत व घट्ट झाकणाच्या बरणीत थोड्या पाण्याखाली ठेवावेत.
५. पारा पडलेला चारा अथवा धान्य जनावरांस घालू नये व स्वतःही खाऊ नये.
६. पारा मोरीत, विहिरीत, उकिरड्यावर अथवा चुलीत टाकू नये. बरणीवर ‘विषारी’ असे लिहून ती घातक कचरा स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडे द्यावी.

अडीचशेहून अधिक वर्षे पाऱ्याने मानवाची सेवा केली. त्याची जागा आता दुसरी साधने घेत असली, तरी वाचन काळजीपूर्वक करणे व त्याची रोज नोंद ठेवणे हे काम शेतकऱ्याचेच आहे.