घरातील ध्वनिमुद्रण : दोषांचा शोध

गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचे शिक्षण बडोद्यास फैज महंमदखाँ यांच्यापाशी झाले. १९२२ साली ते निवर्तले, त्या वेळी हिंदुस्थानात ध्वनिमुद्रिका निघू लागून वीस वर्षे झाली होती. तथापि त्यांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. तेव्हा हे साधन थोड्यांच्याच हाती होते. आज घरातील संगणक आणि एक साधा मायक्रोफोन एवढ्यावर उत्तम मुद्रण होऊ शकते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या कुटुंबांत मंगळागौरीची आणि भोंडल्याची गाणी, आरत्यांच्या जुन्या चाली, कीर्तनातील पदे ज्यांच्या मुखी आहेत अशी वडीलधारी मंडळी अद्याप आहेत. ते सारे टिपून ठेवावे, असे अनेकांच्या मनात येते. परंतु आवाज उमटत नाही, फाटतो किंवा मागे पडतो, आणि मग आरंभीचा उत्साह मावळतो.

अशा वेळी सॉफ्टवेअर काढून टाकून पुन्हा बसविण्याकडे बहुतेकांचा कल असतो. आमच्या मते हा उपाय शेवटचा होय. गाणाऱ्याच्या मुखातून निघालेला ध्वनी मायक्रोफोन, तार, ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करणारे उपकरण (यासच ऑडिओ इंटरफेस म्हणतात), संगणकाची कार्यप्रणाली आणि सर्वांत शेवटी सॉफ्टवेअर, अशा क्रमाने प्रवास करतो. या वाटेवर तो कोठे अडतो हे क्रमाने पाहत जावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही. पुढे तो परत आला की सारा शोध पुन्हा करावा लागतो. उदाहरणादाखल आम्ही ‘ऑडॅसिटी’ हे सॉफ्टवेअर घेतो. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनी ते सिद्ध केले. २००० साली ते प्रथम उपलब्ध झाले आणि आजही ते विनामूल्य मिळते.

पहिली तक्रार संपूर्ण शांततेची. मुद्रण चालू आहे, परंतु पडद्यावर केवळ सरळ रेघ दिसते. येथे दोन गोष्टी पाहाव्यात. सॉफ्टवेअरमध्ये आपलाच मायक्रोफोन निवडला आहे की संगणकाच्या अंगचा, ही एक. दुसरी गोष्ट परवानगीची. मॅक संगणकांवर २०१८ पासून, आणि विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांतही, मायक्रोफोन वापरण्याची मुभा कार्यप्रणाली देते. ती नाकारलेली असेल तर सॉफ्टवेअर निर्दोष असूनही त्यास काहीच ऐकू येत नाही.

दुसरी तक्रार आवाज फाटण्याची. आकड्यांच्या मुद्रणास शून्य डेसिबल ही वरची मर्यादा असते. त्यापलीकडे गेलेला ध्वनी कापला जातो आणि तो भाग नंतर खऱ्या अर्थाने परत मिळत नाही. म्हणून गायकास सर्वांत उंच तान घ्यावयास सांगून, मापकाचा काटा उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या दरम्यान राहील अशी पातळी आधीच ठरवावी. २४ बिटांचे मुद्रण निवडल्यास पातळी थोडी कमी राहिल्याने काही बिघडत नाही.

तिसरा दोष सर्वांत गोंधळात टाकणारा आहे. संगणक सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो. परंतु एकेक नमुना न हाताळता त्यांचे गठ्ठे बांधून तो ते पुढे पाठवितो. या गठ्ठ्यास बफर म्हणतात. १२८ नमुन्यांचा गठ्ठा भरण्यास सुमारे ३ मिलिसेकंद, तर १,०२४ नमुन्यांचा भरण्यास सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. गठ्ठा लहान असेल तर संगणकाची धावपळ होते आणि आवाजात तडतड येते. मोठा असेल तर आवाज उशिरा पोहोचतो. आधी मुद्रित केलेल्या तबल्यावर गाणाऱ्याचे पद समेवर न पडता मागे पडते, याचे कारण गायकाच्या लयीत नसून पुष्कळदा येथेच असते. तडतड असल्यास इतर कार्यक्रम बंद करून गठ्ठा थोडा वाढवावा. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असल्यास तो इंटरफेसमधूनच थेट कानी घ्यावा. बिनतारी कर्णयंत्रे मात्र टाळावीत, कारण त्यांचा विलंब गायकास सहज जाणवण्याइतका असतो. उरलेल्या विलंबासाठी ऑडॅसिटीत भरपाईचा आकडा असतो. ठोक्यांचा एक पट्टा वाजवून कर्णयंत्र मायक्रोफोनला लावावे आणि तेच ठोके पुन्हा मुद्रित करावेत. नवे ठोके मूळ ठोक्यांच्या जितके मागे पडतील तितकी भरपाई वाढवावी. पुढे सरकल्यास कमी करावी.

चौथा दोष स्वराचा. एका ठिकाणी ४४,१०० आणि दुसऱ्या ठिकाणी ४८,००० असा नमुन्यांचा दर लावलेला असेल आणि मध्ये रूपांतर झाले नाही, तर गाणे जलद होऊन सुमारे दीड पट्टी वर चढते. काळी एकमध्ये गायिलेले पद पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्येच कोठेतरी ऐकू येते आणि पेटीच्या कोणत्याच पट्टीशी जुळत नाही. संगणकात, इंटरफेसमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये एकच दर ठेवणे, हा यावरील उपाय.

आमच्या संगीताच्या दृष्टीने सर्वांत घातक दोष मात्र निराळाच आहे. पुष्कळ संगणकांत बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून गोंगाट दाबणारी योजना आधीपासून चालू असते. एकसारखा चालणारा ध्वनी म्हणजे गोंगाट, असे ती धरून चालते. त्यामुळे पंख्याच्या घरघरीबरोबर तंबोऱ्याचा अखंड नादही ती पुसून टाकते, आणि गायकाचा लांबलेला षड्जही मध्येच क्षीण होतो. कार्यप्रणालीच्या ध्वनिविभागात जाऊन ही योजना बंद करावी आणि पंखाही बंद ठेवावा. गुणगुण तरीही येत असेल, तर संगणक चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवून पाहावा. गुणगुण थांबल्यास ती विजेच्या ५० हर्ट्‌झच्या प्रवाहातून येत होती असे समजावे.

मुद्रण झाल्यावर सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलीवर विसंबू नये. डब्ल्यूएव्ही स्वरूपात एक प्रत काढावी. ४४,१०० नमुने व १६ बिट असे एकपदरी मुद्रण मिनिटाला सुमारे ५ मेगाबाइट जागा घेते. एमपी३ प्रत पाठविण्यास सोयीची असली, तरी तीत ध्वनीचा काही अंश गाळलेला असतो. ती मूळ प्रत होऊ शकत नाही. मूळ प्रत न बदलता दोन ठिकाणी जपावी, आणि साफसफाई करावयाची ती तिच्या नकलेवर करावी.

ही सारी तपासणी आदल्या दिवशी, घरच्याच कोणा तरुणास गावयास बसवून उरकावी. अर्ध्या मिनिटाचे मुद्रण करून ते लगेच ऐकले तरी वरीलपैकी बहुतेक दोष उघड होतात. ऐंशी वर्षांच्या आजीला तेच गाणे चार वेळा म्हणावयास सांगितले, तर चौथ्या वेळी तिचा श्वास पुरत नाही आणि पहिल्या वेळचा गोडवाही राहत नाही. तिच्यापुढे मायक्रोफोन ठेवला जाईल तेव्हा यंत्राविषयीची सारी शंका आधीच मिटलेली असावी.