रिकाम्या न्यायासनाची किंमत : ट्युनिशियातील लोकशाहीचा धडा

विसाव्या शतकात लोकशाहीचा अंत बहुधा रणगाड्यांनी होत असे. १९७३ मध्ये चिलीत, १९७७ आणि १९९९ मध्ये पाकिस्तानात लष्कराने सत्ता हाती घेतली. गेल्या काही दशकांत या प्रक्रियेचे स्वरूप बदलले आहे. निवडून आलेला शासनप्रमुखच संविधानातील एखाद्या कलमाचा आधार घेऊन कायदेमंडळ, न्यायसंस्था व निवडणूक यंत्रणा आपल्या ताब्यात आणतो. १९९२ मध्ये पेरू देशात निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांनी कायदेमंडळ व न्यायसंस्था अशाच आपल्या ताब्यात आणल्या, मात्र संविधानातील कलमाचा आधार न घेता. पुढे व्हेनेझुएला, तुर्कस्तान, हंगेरी या देशांतही, पद्धती वेगवेगळ्या असल्या तरी, सत्तेचे केंद्रीकरण निवडणुकीच्या मार्गानेच झाले.

या साखळीतील ट्युनिशियाचे उदाहरण राज्यशास्त्राच्या अध्यापकांनी बारकाईने अभ्यासावे असे आहे. २०११ च्या अरब उठावांतून खऱ्या अर्थाने लोकशाही उभी राहिलेला हा एकमेव देश होता. त्याचे संविधान उत्तम होते. तरीही दहा वर्षांत ते कोलमडले. ते का कोलमडले, याचे उत्तर संविधानाच्या मजकुरापेक्षा त्याने निर्माण केलेल्या पण कधीच न भरलेल्या एका न्यायासनात अधिक सापडते.

उठाव आणि तडजोड

१७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बुझिद या गावी महंमद बुअझीझी या फेरीवाल्या तरुणाने पोलिसी जाचाला कंटाळून स्वतःला पेटवून घेतले. त्यातून भडकलेल्या आंदोलनामुळे १४ जानेवारी २०११ रोजी हुकूमशहा बेन अली यांना देश सोडून पळावे लागले. ऑक्टोबर २०११ मध्ये संविधान सभेची निवडणूक झाली. एन्नहदा हा इस्लामी विचारांचा पक्ष त्यात सर्वांत मोठा ठरला.

संविधानात शरीअतचा उल्लेख असावा की नसावा, हा त्यावेळचा सर्वांत नाजूक वाद होता. मार्च २०१२ मध्ये एन्नहदाने तो आग्रह सोडला. २०१३ मध्ये दोन विरोधी नेत्यांच्या हत्या झाल्या आणि देश यादवीच्या उंबरठ्यावर आला. तेव्हा कामगार महासंघ, उद्योजकांची संघटना, मानवी हक्क संघ व वकील संघटना या चार संस्थांनी मध्यस्थी केली. या कार्यासाठी त्यांना २०१५ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. २६ जानेवारी २०१४ रोजी संविधान सभेने २०० विरुद्ध १२ अशा बहुमताने नवे संविधान स्वीकारले.

हे तपशील महत्त्वाचे आहेत, कारण मुस्लिम समाजात लोकशाही रुजत नाही असे ठोकळेबाज विधान वारंवार केले जाते. ट्युनिशियात धर्म आणि राज्य यांच्या संबंधाचा प्रश्न संविधान करतानाच चर्चेने व तडजोडीने सुटला होता. पुढे जे बिघडले त्याची कारणे वेगळी आहेत.

न भरलेल्या बारा जागा

२०१४ च्या संविधानाने बारा सदस्यांचे संविधान न्यायालय निर्माण केले. चार सदस्य कायदेमंडळाने, चार सर्वोच्च न्यायमंडळाने व चार राष्ट्राध्यक्षांनी नेमावयाचे होते. पहिल्या निवडणुकीनंतर एका वर्षात हे न्यायालय स्थापन होणे अपेक्षित होते.

तसे घडले नाही. कायदेमंडळातील २१७ पैकी किमान १४५ सदस्यांचा पाठिंबा मिळेल अशी नावे पक्षांना ठरवता आली नाहीत. प्रतिस्पर्ध्याचा माणूस त्या खुर्चीत बसेल ही भीती प्रत्येकाला होती, म्हणून खुर्ची रिकामीच ठेवणे सर्वांना सोयीचे वाटले. २०१८ मध्ये एका सदस्याची निवड झाली आणि काम तेथेच थांबले. दरम्यान विधेयकांची संविधानात्मकता तपासणारी एक तात्पुरती समिती होती. तिचा अधिकार तेवढ्यापुरताच मर्यादित होता. राष्ट्राध्यक्ष व कायदेमंडळ यांच्यातील वाद सोडवण्यास कोणीही पंच उरला नव्हता.

कलम ८०

२०१९ च्या निवडणुकीत कैस सईद हे संविधान कायद्याचे माजी प्राध्यापक सुमारे ७३ टक्के मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाले. ते कोणत्याही पक्षाचे नव्हते. पक्षांना विटलेल्या तरुणांना हाच त्यांचा मोठा गुण वाटला.

लोकांचा हा वीट निराधार नव्हता. क्रांतीनंतर सरकारे वारंवार बदलत राहिली, बेरोजगारी हटली नाही. २०२० मध्ये करोनामुळे अर्थव्यवस्था ८ टक्क्यांहून अधिक आकुंचन पावली. २०२१ च्या उन्हाळ्यात रुग्णालयांत प्राणवायू अपुरा पडत असताना कायदेमंडळात हातघाईचे प्रसंग घडत होते.

२५ जुलै २०२१ च्या रात्री सईद यांनी संविधानाचे कलम ८० लागू केल्याचे जाहीर केले, पंतप्रधानांना पदच्युत केले व कायदेमंडळ ३० दिवसांसाठी गोठवले. रस्त्यावर लोकांनी आनंदोत्सव साजरा केला. कायदेमंडळाच्या दारात लष्कराने सभापती राशिद घन्नूशी यांना अडवले.

कलम ८० मध्ये प्रत्यक्षात काय होते? देशावर आसन्न संकट असल्यास राष्ट्राध्यक्षांना अपवादात्मक उपाय योजता येत होते. मात्र त्या काळात कायदेमंडळ अखंड अधिवेशनात राहील, ते विसर्जित करता येणार नाही, अशी स्पष्ट अट होती. तीस दिवसांनंतर सभापती किंवा ३० सदस्य संविधान न्यायालयाकडे दाद मागू शकत होते व न्यायालयाने १५ दिवसांत निर्णय द्यावयाचा होता. म्हणजे घटनाकारांनी कुलूप बसवले होते. किल्ली ज्याच्या हाती द्यायची तो माणूसच नेमलेला नव्हता.

सईद यांनी या उणिवेचा उपयोग आधीच करून घेतला होता. मार्च २०२१ मध्ये कायदेमंडळाने आवश्यक मतांची संख्या १३१ पर्यंत खाली आणणारे विधेयक मंजूर करून न्यायालय स्थापण्याचा प्रयत्न केला. स्थापनेची संविधानिक मुदत केव्हाच संपली आहे, असे सांगून त्यांनी स्वाक्षरी नाकारली. पक्षांनी केलेला विलंबच पक्षांविरुद्धचा युक्तिवाद ठरला.

एकेक खिळा

यानंतरचा क्रम वेगवान आहे. सप्टेंबर २०२१ पासून वटहुकुमांनी कारभार सुरू झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायमंडळ बरखास्त झाले, मार्चमध्ये कायदेमंडळ विसर्जित झाले, जूनमध्ये ५७ न्यायाधीश पदावरून दूर केले गेले. २५ जुलै २०२२ रोजी नव्या संविधानावर सार्वमत झाले. त्यात ९४ टक्क्यांहून अधिक मते अनुकूल पडली. मतदान मात्र सुमारे ३० टक्केच होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमधील कायदेमंडळाच्या निवडणुकीत ते सुमारे ११ टक्क्यांवर घसरले.

सप्टेंबर २०२२ मध्ये मानवी हक्कविषयक आफ्रिकी न्यायालयाने हे वटहुकूम बेकायदा ठरवून संविधान न्यायालय दोन वर्षांत कार्यान्वित करण्याचा आदेश दिला. त्याचे पालन झाले नाही. २०२३ मध्ये घन्नूशींसह अनेक विरोधी नेत्यांना अटक झाली.

२०२४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत प्रशासकीय न्यायालयाने तीन उमेदवारांना पुन्हा यादीत घेण्याचा आदेश दिला. सईद यांनीच नेमलेल्या निवडणूक आयोगाने तो मानला नाही. मतदानाला जेमतेम नऊ दिवस उरले असता कायदेमंडळाने निवडणूकविषयक वादांतील या न्यायालयाचा अधिकारच काढून घेतला. सईद सुमारे ९० टक्के मतांनी विजयी झाले. मतदान २९ टक्क्यांच्या आत राहिले.

भारतीय अनुभवाशी तुलना

न्यायासन भरलेले असले म्हणजे पुरेसे होते काय? भारताचा अनुभव याबाबत सावध करणारा आहे. जून १९७५ मध्ये अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी पुकारली गेली तेव्हा सर्वोच्च न्यायालय अस्तित्वात होते. तरीही एप्रिल १९७६ मध्ये जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने स्थानबद्धांचा दाद मागण्याचा हक्क नाकारला गेला. भिन्न मत एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी दिले.

फरक पुढच्या काळात दिसतो. १९७७ मध्ये मतदारांनी सरकार बदलले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण वगळले, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय अनिवार्य केला आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही अशी तरतूद केली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर निर्णय चुकीचा ठरवला. संस्था टिकून राहिल्याने चूक दुरुस्त होऊ शकली. संस्थाच नसेल तर दुरुस्तीला जागा राहत नाही.

अध्यापनासाठी काही मुद्दे

महाविद्यालयीन वर्गात संविधानांची तुलना बहुधा कलमांच्या यादीने केली जाते. ट्युनिशियाच्या अनुभवावरून त्यात तीन प्रश्नांची भर घालता येईल. पहिला, आणीबाणीच्या अधिकाराला आळा घालणारी यंत्रणा कागदावर आहे की कार्यरत आहे? दुसरा, तिच्यातील पदे कोण भरतो व ती किती काळ रिक्त राहतात? तिसरा, विजयी उमेदवाराच्या टक्केवारीबरोबर एकूण मतदानाची टक्केवारी काय सांगते?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजकारणातील व्यक्तिपूजा हा हुकूमशाहीकडे नेणारा मार्ग असल्याचा इशारा दिला होता. ट्यूनिसच्या रस्त्यांवर त्या रात्री जल्लोष करणारे लोक हुकूमशाही मागत नव्हते. त्यांना रोजगार, औषधे व स्वच्छ कारभार हवा होता. पक्षांनी तो दिला नाही आणि पंचाची जागाही भरली नाही. म्हणून एका लोकप्रिय व्यक्तीला अडवणारे कोणीच शिल्लक राहिले नाही. पंचाची नेमणूक खेळ शांतपणे चालू असतानाच करावी लागते. वाद पेटल्यावर ती करण्यास उभय पक्ष कधीच राजी होत नाहीत.