लिंबू हुंगावं, पण कितपत भरवशावर?

दिवस गेले की पहिल्या काही महिन्यांत दहापैकी सात-आठ जणींना मळमळ आणि कोरडे उमासे छळतात. औषधाची धास्ती वाटते, आणि गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने बाळांत व्यंगं आल्याचा इतिहास पाहता ती अगदीच अनाठायी नाही. मग अरोमाथेरपीच्या, म्हणजे हुंगायच्या सुगंधी तेलांच्या, बाटल्या घरात येतात. त्यांच्यामागचा पुरावा मात्र तुटपुंजा आहे. इराणमध्ये १०० गर्भवतींवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना बदामाच्या तेलात मिसळलेलं लिंबाचं सुगंधी तेल हुंगायला दिलं, इतरांना नुसतं बदामाचं तेल. लिंबाच्या गटात त्रास अधिक कमी झाला. त्याआधी २०१२ साली तिथल्याच ६० जणींच्या अभ्यासात उशाशी पुदिन्याच्या तेलाचे थेंब टाकलेलं पाणी ठेवलं होतं. त्याचा ठळक फायदा दिसला नाही. शिवाय लिंबाचा वास लपवायचा कसा? आपल्याला काय दिलंय हे नाकालाच कळतं, आणि बरं वाटेल ही अपेक्षाही तिथूनच सुरू होते.

‘बरं वाटतंय ना, मग पुरावा कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. ताजं लिंबू कापून हुंगण्यापुरतं माझं उत्तर ‘खुशाल हुंगा’ असंच आहे. बाटलीतलं तेल वेगळं: ते कित्येक पटींनी तीव्र असतं, पोटात घेण्याचं तर नावच नको. ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धोक म्हणावं, तर कापूरही झाडाचाच आणि पोटात गेला तर विषारी. त्यातून गरोदरपणात नाक हळवं झालेलं असतं. काल आवडलेला सुगंध आज उलटी आणतो. म्हणून नवा वास आणण्याआधी नकोसा वास हटवणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं. फोडणी दुसऱ्या कुणी द्यावी, खिडकी उघडी ठेवावी, वाफाळत्या जेवणापेक्षा गार जेवण वाढावं. घरच्यांना हे बाटली आणण्याइतकं सोपं वाटत नाही, हे खरं.

२०२३ साली पुढे आलेल्या संशोधनाने या त्रासाचा संबंध गर्भ आणि वारेतून येणाऱ्या जीडीएफ१५ या संप्रेरकाशी जोडला. ते थेट मेंदूच्या तळाशी काम करतं, त्यामुळे तीव्र त्रासात सुगंधाकडून फार अपेक्षा धरता येत नाही. आलं, ब-६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामाइन हे औषध यांच्यामागे त्याहून भक्कम आधार आहे. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल किंवा वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिथे सलाइन लागू शकतं.