मुडद्याचा ताबा कोणाकडे?

फँटसीतली प्रेतविद्या एका गृहीतावर उभी असते: देह आणि जीव वेगळे, म्हणून जीव गेला तरी देह कामाला लावता येतो. मेलेल्याला खरोखर जिवंत करणे हे निराळे, बहुधा देवाधर्माचे काम. मांत्रिक उठवतो तो नुसता मुडदा. त्याला उठवणे फारसे अवघड नसते. अवघड असते ते ताब्यात ठेवणे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळात या ताब्याचे चक्क नियम आहेत. २०१४च्या आवृत्तीत रक्ताचा थेंब, मांसाचा तुकडा आणि चिमूटभर हाडांची भुकटी घेऊन मांत्रिक मिनिटभर मंत्र म्हणतो. समोर हाडे असतील तर सांगाडा उठतो, प्रेत असेल तर झोंबी. तो २४ तास हुकूम पाळतो. मुदत संपण्याआधी तोच मंत्र पुन्हा म्हटला तर ताबा टिकतो, तोही एका वेळी चौघांपर्यंतच. मांत्रिक विसरला तर सांगाडा कोसळून पडत नाही, फक्त ऐकेनासा होतो. आणि जिवंतांविषयीचा द्वेष अंगात मुरलेला असल्याने धन्यावरही उलटू शकतो. त्यामुळे मोठी फौज बाळगणाऱ्याची बरीचशी शक्ती रोज जुनेच मुडदे आवरण्यात जाते. खलनायकाच्या रुबाबाला हे शोभत नाही, पण खेळाचा तोल त्यानेच राखला जातो.

देहात दुसरेच कोणी शिरले की हुकमत आणखी डळमळते. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’तला वेताळ असाच झाडाला लटकणाऱ्या प्रेतात शिरलेला आहे. क्षांतिशील नावाचा भिक्षू राजाकरवी ते प्रेत स्मशानात मागवतो. वेताळाला वश करून राजाचाच बळी द्यायचा त्याचा बेत असतो. पण वेताळाला स्वतःची बुद्धी आहे. राजाच्या चिकाटीवर खूश होऊन तो बेत फोडतो आणि शेवटी मुंडके उडते ते भिक्षूचे. झोंबीकडून अशी फितुरी होणे शक्य नाही. कोकणात आणि गोव्यात तर वेताळ ग्रामदैवत म्हणून पुजला जातो, तिथे हुकमाचा प्रश्नच येत नाही.

तिसरा प्रकार स्वतःच स्वतःचा धनी असतो. ‘लिच’ म्हणजे मरण टाळण्यासाठी आपला जीव एखाद्या ताईतात किंवा डबीत बंद करून ठेवलेला जादूगार. लोककथेतल्या राक्षसाचा प्राण पोपटात असतो किंवा रशियन कथांतल्या कोश्चेईचे मरण अंड्यातल्या सुईत असते, तीच ही युक्ती. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये लिचचा देह नष्ट केला तरी फार तर दहा दिवसांत त्या डबीजवळ नवा तयार होतो. याची किंमत मात्र त्याला चुकवावी लागते: डबीला अधूनमधून दुसऱ्यांचे आत्मे खाऊ घालावे लागतात, नाहीतर तो झिजत जातो. साहजिकच लिच ती डबी सहज हाताला लागेल अशा जागी ठेवत नाही, आणि त्याला मारायला निघालेल्यांची निम्मी मोहीम तिचा ठावठिकाणा काढण्यातच सरते.