हिराबाईंची नाट्यशाखा

मराठी संगीत नाटकाचा इतिहास सांगताना किर्लोस्कर, ललितकलादर्श, गंधर्व ही नावे ओघानेच येतात. त्यांच्या शेजारची एक लहानशी संस्था मात्र बहुधा एका ओळीत उरकली जाते. १९२९ च्या सुमारास पुण्यात उभी राहिलेली ही संस्था म्हणजे नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा. तिचे आयुष्य थोडे, पसारा बेताचा आणि अखेर कर्जात झालेली. परंतु तिच्या मध्यभागी हिराबाई, कमलाबाई आणि सरस्वती या तीन सख्ख्या बहिणी होत्या, पाठीशी त्यांच्या मातोश्री ताराबाई माने आणि ज्येष्ठ बंधू सुरेशबाबू होते. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच कराव्यात, पुरुषभूमिका पुरुषांनी कराव्यात आणि दोघांनी एकाच रंगमंचावर समोरासमोर उभे राहावे, या हेतूने ही मंडळी निघाली. आज यात विशेष ते काय, असे कोणासही वाटेल. त्या काळी हा व्यवहारही जोखमीचा होता आणि घराण्याच्या नावालाही.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हापासून मराठी रंगभूमीवरील सीता, द्रौपदी आणि सुभद्रा हे प्रायः पुरुषच होते. पुढे स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्याही निघाल्या. परंतु तेथे उलट प्रकार असे. अर्जुनही स्त्री आणि भीमही स्त्री! दादासाहेब फाळके यांच्या १९१३ मधील ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात काम केलेल्या कमलाबाई गोखले यांनी रंगभूमीवर पुरुषभूमिकाही गाजविल्या. म्हणजे स्त्रिया नाटकात नव्हत्या असे नव्हे. ‘प्रतिष्ठित’ म्हणविणाऱ्या प्रेक्षकाला त्या पुरुष नटाच्या शेजारी नको होत्या, इतकेच. आपल्या घरातील लेकीसुनांना घेऊन जो नाटकाला येई, त्यालाच रंगमंचावरील स्त्रीची अडचण वाटे, हा विरोधाभास त्या काळी कोणाच्या फारसा ध्यानात येत नसे.

माने कुटुंबाने ही जोखीम पत्करली, त्यामागे ताराबाईंचे आयुष्य होते. बडोद्याच्या दरबाराशी संबंध असलेल्या सरदार माने यांच्या त्या कन्या. दरबारगायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्याबरोबर त्यांनी बडोदे सोडले, त्यांच्याशी संसार केला आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी पाच मुलांना घेऊन त्या खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. माहेरचा आधार कधीच तुटला होता. हाती जमीन नव्हती, पेढी नव्हती, नियमित प्राप्ती नव्हती. भांडवल म्हणावे असे एकच होते, मुलांच्या गळ्यातील किराणा घराण्याचे गाणे. मुलांनी माने हे आडनाव लावले, आणि हिराबाई व कमलाबाई या दोघी पुढे बडोद्यावरून बडोदेकर या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

हिराबाईंचा जन्म १९०५ चा, मिरजेचा. बंधू सुरेशबाबू आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे त्यांची तालीम झाली. त्या काळी स्त्रीने गायचे ते कोणाच्या तरी दिवाणखान्यात, आमंत्रणावरून, आणि बिदागी यजमानाच्या मर्जीवर. हिराबाईंनी जाहीर जलशाला तिकीट लावले. असे करणाऱ्या आपल्याकडील पहिल्या स्त्री गायिकांत त्यांची गणना होते. पुरुष गवयाप्रमाणे त्या व्यासपीठावर बैठक घालून गात. हावभाव नाहीत, अदाकारी नाही, अंगभर नेसलेले साधे लुगडे आणि स्वच्छ, शांत सूर. व्यापारी कुटुंबातील वाचकांना या तिकिटाचे मोल निराळे सांगावयास नको. ठरलेला दर, उघडे दार आणि पैसे देणाऱ्या प्रत्येकाशी सारखाच व्यवहार. यजमानाच्या मेहेरबानीवरील गायन आणि दराने विकलेले गायन यांत कलावंताच्या मानाचा केवढा फरक पडतो, हे हिराबाईंनी विशीच्या आतबाहेर असतानाच जाणले.

या बळावर मंडळीने नाट्यशाखा काढली, तेव्हा हिराबाई जेमतेम चोवीस वर्षांच्या होत्या आणि धाकटी सरस्वती सोळा वर्षांची. ‘संगीत सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’, ‘एकच प्याला’ अशी नावाजलेली नाटके त्यांनी हाती घेतली. नव्या मंडळीने जुनीच नाटके का घ्यावीत, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर सोपे आहे. प्रेक्षकाला पदे पाठ होती आणि ती कोण कशी गाते हे ऐकण्यासाठीच तो येत असे.

खरी कसोटी मात्र येथेच होती. सुभद्रा म्हटली की भाऊराव कोल्हटकर आणि बालगंधर्व. सिंधू म्हटली की बालगंधर्व. ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हापासून सिंधूचा पदर, तिचे रडणे, तिचे जात्यावर बसणे हे सारे महाराष्ट्राने एका पुरुषाकडून पाहिले होते आणि मनोमन मान्य केले होते. शहरांतील स्त्रिया लुगडे नेसण्याची आणि अंबाडा घालण्याची तऱ्हा बालगंधर्वांवरून उचलीत. अशा प्रेक्षकापुढे प्रत्यक्ष स्त्रीने सुभद्रा म्हणून उभे राहावयाचे आणि ती ‘खरी’ वाटते की नाही याचा कौल त्याच्याकडून घ्यावयाचा, हा प्रकार जरा विलक्षणच म्हटला पाहिजे. हिराबाईंनी बालगंधर्वांच्या ठेवणीशी स्पर्धा केली नाही. अभिनयात त्यांचा हात बालगंधर्वांइतका मोकळा नव्हता, असेच म्हणावे लागेल. त्यांची सुभद्रा गाण्यातून उभी राहिली. आणि ते गाणे पुरेसे होते.

नाटक मंडळी चालविणे म्हणजे फिरते दुकान चालविण्यासारखे होते, किंबहुना त्याहून कठीण. दुकानात माल शिल्लक राहिला तर उद्या विकता येतो. आज रात्रीची रिकामी खुर्ची उद्या विकता येत नाही. नट, साथीदार, पडदेवाले, कपडेपट सांभाळणारे, आचारी अशा साऱ्यांचे बिऱ्हाड गावोगाव हलवावे लागे. पडद्यांच्या आणि ट्रंकांच्या रेल्वेभाड्यापासून नाट्यगृहाच्या भाड्यापर्यंत पैसे आधी मोजावे लागत आणि उत्पन्न पडदा उघडल्यावर हाती येई. पावसाळ्यात मुक्काम लांबला की खेळ बंद, पण दोन वेळची पंगत चालूच. मोठमोठ्या मंडळ्याही सावकाराच्या रकमेवरच उभ्या असत. त्यात स्त्रियांच्या मंडळीला आणखी एक खर्च होता, जो कोणत्याही खतावणीत नावे पडत नाही. नव्या गावात उतरण्यासाठी घर मिळविणे, शेजाऱ्यांच्या नजरा झेलणे आणि बिऱ्हाडातील शिस्तीविषयी बोलण्यास कोणालाही जागा न ठेवणे. घरातच आई आणि भावंडे एकत्र असल्याने ही शिस्त राखणे शक्य झाले असावे.

काळही प्रतिकूल होता. जगभर मंदी पसरली होती. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. नाटकाच्या तिकिटाहून कमी पैशांत गाणे, देखावे आणि नट-नटी एकत्र मिळू लागले. शिवाय पडद्यावरील स्त्री ही स्त्रीच होती. त्या स्पर्धेत गंधर्व नाटक मंडळीसारखी भक्कम संस्थाही १९३४ च्या सुमारास बंद पडली; मग या लहान नाट्यशाखेची काय कथा! काही वर्षांतच तीही आटोपली आणि मागे कर्ज उरले.

ते कर्ज हिराबाईंनी मैफली करून फेडले. गावोगाव जलसे, ध्वनिमुद्रिका, पुढे आकाशवाणी असा अखंड क्रम सुरू झाला. कंपनी बुडाली की मालकाने नाव बदलून दुसरीकडे पथारी मांडावी, अशी उदाहरणे त्या व्यवसायात कमी नव्हती. येथे मालकीण त्याच नावाने गात राहिली आणि देणी चुकती करीत गेली. आज त्यांची जी गायिका म्हणून कीर्ती सांगितली जाते, तिच्यातील कितीतरी रात्री या देण्यापोटी जागविलेल्या आहेत, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत फारशी ठळकपणे येत नाही.

दरम्यान रंगभूमीवरील वारे फिरले होते. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. त्यात ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या आणि सुशिक्षित प्रेक्षकाने त्यांचे स्वागत केले. मराठी रंगभूमीवर स्त्री आली ती या नाटकाने, असे पुष्कळदा लिहिले जाते. त्या नाटकाचे श्रेय मोठेच आहे. परंतु त्याआधी चार वर्षे तीन बहिणी स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या नावावर हेच करीत गावोगाव हिंडत होत्या, याची नोंद त्याच पानावर असावयास हवी.

हिराबाईंना १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९७० मध्ये पद्मभूषण. सरस्वतीबाई राणे चित्रपटांत पार्श्वगायिका म्हणून गाजल्या, आणि दोघी बहिणींची जुगलबंदी रसिकांना प्रिय झाली. माणिक वर्मा आणि प्रभा अत्रे या दोघींना सुरेशबाबू आणि हिराबाई या बहीणभावांची तालीम लाभली. हिराबाईंचे निधन १९८९ मध्ये झाले. नाट्यशाखेचे पडदे आणि कपडेपट त्याच्या कितीतरी आधीच पांगले होते.